नववा ब्लॉक आधी का भरतो?

आमच्या २००७ सालच्या टोयोटा प्रियसच्या पडद्यावर बॅटरीची पातळी आठ पट्ट्यांनी दाखवली जाते आणि निरोगी गाडीत या पट्ट्या फारशा धावपळ करत नाहीत. सपाट रस्त्यावर सहा, लांब चढावर पाच किंवा चार, उतारावर पुन्हा सात, अशा संथ गतीने त्या वरखाली होतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गाडीतला हा संथपणा नाहीसा झाला. सॅन होजेमधल्या घरातून निघताना सहा पट्ट्या असत, महामार्गाला लागेपर्यंत दोन उरत आणि त्यांचा निळा रंग जाऊन गुलाबी होई. पुढे एखादा उतार लागला की दोन-तीन मिनिटांत आठही पट्ट्या हिरव्या होत. गाडी बहुतेक वेळा माझी पत्नी चालवते. तिच्या तक्रारी मात्र पट्ट्यांबद्दल नव्हत्या. “अरे, सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन एवढं का ओरडतंय? आणि मागच्या सीटपाशी सारखं काहीतरी घोंघावतंय,” असे तिने सांगितले. धोक्याचा लाल त्रिकोण लागलेला नव्हता, संगणकात कोणताही दोष-संकेत नोंदलेला नव्हता, पेट्रोल मात्र जास्त लागू लागले होते.

जवळच्या एका कार्यशाळेने गाडीचे वय पाहून बॅटरी बदलण्याचा अंदाजखर्च हाती दिला. कॅलिफोर्नियात या गाडीच्या बॅटरीला १० वर्षे किंवा १,५०,००० मैल अशी हमी होती आणि ती केव्हाच संपली होती, त्यामुळे खर्च आमचाच होता. अंदाजखर्चाच्या त्या कागदावर बॅटरीचे एकही मोजमाप नव्हते. बॅटरी खरोखर संपली असेल तर ती बदलायला माझी हरकत नव्हती. पण बॅटरी चार्ज होताना नेमके काय घडते आहे, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय एवढा निर्णय घेणे मला पटेना. पुण्यात असताना काही वर्षे औद्योगिक बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर यांच्या चाचणीचे काम केले असल्यामुळे हे पाहता येईल, असा भरवसाही होता.

या गाडीची मुख्य बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्टचे एक मॉड्यूल होते आणि अशी २८ मॉड्यूल एकामागे एक जोडून २०१.६ व्होल्टचा संच तयार होतो. त्याची क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत साधारण १.३ युनिट. एवढीशी बॅटरी इतकी वर्षे टिकते, कारण संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच तो तिला फिरवतो आणि शक्यतो ६० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करतो. म्हणजे पडद्यावरच्या आठही पट्ट्या मिळून खरोखर वापरायला मिळते ती सुमारे अर्धा युनिट वीज.

ही पातळी संगणक थेट मोजू शकत नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या शोधात महत्त्वाची ठरली. निकेल-मेटल हायड्राइड सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असते. ५० टक्के आणि ६५ टक्के यांतला फरक नुसत्या व्होल्टेजवरून सांगता येत नाही. म्हणून संगणक आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवतो आणि त्या हिशेबाला व्होल्टेजच्या टोकांवर दुरुस्त करतो. दोन-दोन मॉड्यूलांचा एक याप्रमाणे १४ ब्लॉकांचे व्होल्टेज तो स्वतंत्रपणे वाचतो. त्यांतला एक जरी ब्लॉक भाराखाली फार खाली गेला, तरी संपूर्ण बॅटरी रिकामी होत आली असे मानून तो पातळीचा आकडा एकदम खाली आणतो आणि इंजिनाला चार्जिंगला लावतो. उलट चार्ज होताना एखादा ब्लॉक लवकर वर गेला, तर बॅटरी भरली असे मानून आकडा वर नेतो. गणपतीच्या आरासीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे हे सगळे सेल एकसरीत जोडलेले असतात; सगळ्यांमधून एकच प्रवाह वाहतो, आणि त्यामुळे सर्वांत अशक्त सेलची क्षमता हीच संपूर्ण संचाची वापरण्याजोगी क्षमता होऊन बसते. आमच्या पट्ट्या धावत होत्या त्याचा अर्थ एवढाच होता, की संगणक आपला हिशेब वारंवार आणि मोठ्या फरकाने दुरुस्त करत होता. ही दुरुस्ती त्याला का करावी लागत होती, हा खरा प्रश्न होता.

सुरुवात मी डिकीत उजव्या कोपऱ्यात असलेल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीपासून केली. प्रियसमध्ये इंजिन फिरवण्याचे काम ती करत नाही, ते मुख्य बॅटरीवर चालणारी एक मोटर करते; पण सगळे संगणक आणि रिले (विजेने चालणारे स्विच) या छोट्या बॅटरीवर जागे होतात आणि ती थकली की गाडी चित्रविचित्र वागू लागते. आमची ती बॅटरी अलीकडेच बदललेली होती, रात्रभर उभ्या गाडीत तिचे व्होल्टेज १२.६ होते आणि गाडी चालू केल्यावर १३.९. हा विषय तिथेच संपला.

मागच्या सीटपाशी ऐकू येणारी घरघर मात्र लक्ष देण्यासारखी होती. मागच्या सीटच्या पाठीला लागून, दाराच्या बाजूला एक काळी जाळी असते. तिच्यातून गाडीच्या आतली थंड हवा ओढून एक पंखा ती बॅटरीवरून फिरवतो. बॅटरी जितकी तापते तितका हा पंखा वेगाने फिरतो, आणि त्याचा आवाज प्रवाशाला सतत ऐकू येत असेल तर बॅटरी गरम आहे किंवा हवा पोचत नाही, यांपैकी एक गोष्ट नक्की समजावी. प्रियसच्या या पिढीत जाळीच्या आत गाळणी नाही. आम्ही गाडी सॅक्रामेंटोकडच्या ज्या कुटुंबाकडून घेतली, त्यांच्याकडे लांब केसांचा कुत्रा होता आणि त्याची बसायची जागा मागच्या सीटवर, म्हणजे नेमकी या जाळीशेजारी होती.

१२ व्होल्टच्या बॅटरीची तार काढून, मागच्या सीटची पाठ आणि बाजूचे प्लास्टिकचे आवरण उतरवून पंखा बाहेर काढला. पिंजऱ्यासारख्या गोल चाकाच्या प्रत्येक दोन पात्यांमधली जागा करड्या नमद्याने बुजलेली होती. तो नमदा बोटांनी सोलून काढावा लागला; त्यात सोनेरी केस, धूळ आणि कागदाचे बारीक तुकडे एकजीव झाले होते. पाती मऊ दातघाशाने एकेक करून साफ केली, हवेचा मार्ग व्हॅक्यूमने ओढून घेतला आणि सगळे पुन्हा बसवले. हे काम उच्च व्होल्टेजला हात न लावता होते आणि ज्याच्याकडे जुनी हायब्रिड गाडी आहे त्याने ते वर्षातून एकदा करून घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. साफसफाईपूर्वी दुपारच्या वाहतुकीत बॅटरीच्या मधल्या संवेदकाचे तापमान ४९ अंशांपर्यंत गेलेले मी पाहिले होते. नंतर तशाच दुपारी ते ३९ अंशांच्या वर गेले नाही. निकेल-मेटल हायड्राइड सेल चार्ज होताना, विशेषतः भरत आल्यावर, आत येणाऱ्या विजेचा वाढता वाटा उष्णतेत घालवतो. तापलेला सेल चार्ज आणखी कमी स्वीकारतो आणि आणखी तापतो. त्यामुळे संगणक गरम बॅटरीत शिरणारी वीज स्वतःहून कमी करतो. आमच्या गाडीत चार्जिंगची मर्यादा नेहमीच्या २५ किलोवॉटवरून अर्ध्याच्या आसपास आलेली दिसत होती आणि पंखा साफ झाल्यावर ती पूर्ववत झाली. घरघर थांबली, उतारावर ब्रेक लावताना परत मिळणारी वीज वाढली, पण पट्ट्यांची धावपळ तशीच राहिली. म्हणजे उष्णता हे दुखण्याचे एक कारण होते आणि आत आणखी काहीतरी शिल्लक होते.

आता ब्लॉकांकडे वळणे भाग होते. स्टिअरिंगखालच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणि प्रियसचे आकडे वाचू शकणारे फोनवरचे ॲप यांवर सगळ्या १४ ब्लॉकांचे व्होल्टेज, प्रवाह, तापमान आणि पातळी दिसते. टोयोटाची स्वतःची टेकस्ट्रीम ही प्रणाली हे काम अधिक नेटके करते, पण फोनवरही पुरेसे दिसते. त्यात एक अडचण मात्र आहे. स्वस्त डोंगल सगळे ब्लॉक एकाच क्षणी वाचत नाही. पहिल्या ब्लॉकाचा आकडा येतो आणि शेवटच्या ब्लॉकाचा आकडा त्यानंतर काही क्षणांनी येतो. दरम्यान चालकाने पाय उचलला असेल तर प्रवाहच बदललेला असतो आणि दोन निरोगी ब्लॉकांतही व्होल्टभराचा फरक दिसतो. रस्त्यावर गाडी चालवताना घेतलेल्या अशा आकड्यांवरून बॅटरीला दोषी ठरवणारे अनेक जण भेटतात. भार स्थिर ठेवून घेतलेले आकडेच विश्वासाचे, हे चाचणीच्या कामात अंगवळणी पडलेले होते.

स्थिर भार मिळवण्याची सोय प्रियसमध्येच आहे, कारण तिचा वातानुकूलन कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर नाही, तर मुख्य बॅटरीच्या विजेवर चालतो. गाडी अंगणात उघड्यावर उभी केली (बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नये, कारण इंजिन मध्येच सुरू होते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो), हँडब्रेक लावला, वातानुकूलन पूर्ण थंडीवर आणि पुढचे दिवे चालू. बॅटरीतून साधारण १० अँपिअर बाहेर जाऊ लागले. हिशेब सरळ होता. पातळी ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर यायची तर ६.५ अँपिअर-तासांचा पाचवा भाग, म्हणजे १.३ अँपिअर-तास खर्च व्हायला हवेत. १० अँपिअरने त्याला जवळपास आठ मिनिटे लागतात. आमच्या गाडीत तीन मिनिटे पुरी व्हायच्या आत इंजिन चार्जिंगसाठी सुरू झाले. प्रत्यक्षात बाहेर आले होते अर्धा अँपिअर-तास.

त्या तीन मिनिटांतले आकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. सुरुवातीला सगळे ब्लॉक १५.३ व्होल्टच्या आसपास, एकमेकांपासून दशांशाच्या अंतरावर होते. पहिले मिनिट असेच गेले, दुसरेही बरेचसे गेले. मग नववा ब्लॉक एकटाच घसरू लागला आणि पाहता पाहता शेजाऱ्यांपेक्षा १.३ व्होल्टने खाली जाऊन थांबला. त्याच क्षणी पातळीचा आकडा ५२ वरून एका उडीत ४१ वर आला. इंजिन सुरू झाले, चार्जिंगचा प्रवाह आत जाऊ लागला, आणि आता हाच नववा ब्लॉक बाकीच्यांच्या आधी वर चढला. जो आधी रिकामा होतो तोच आधी भरतो, कारण त्याची साठवण्याची जागाच कमी झालेली आहे.

किती फरक पडला यापेक्षा तो केव्हा पडला, ही गोष्ट मला इथे अधिक बोलकी वाटते. ब्लॉकाचे व्होल्टेज खाली जाण्याची निदान तीन वेगळी कारणे असू शकतात. मॉड्यूलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे बसबारवर, गंज चढला असेल तर तिथला रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) वाढतो; अशा वेळी प्रवाह सुरू होताक्षणी फरक दिसतो, प्रवाह दुप्पट केला की फरक दुप्पट होतो, प्रवाह थांबला की नाहीसा होतो, आणि चार्ज होतानाही तितकाच उलट दिशेने दिसतो. संगणकाकडे व्होल्टेजची खबर नेणाऱ्या तारेचा सांधा खराब असेल तर एक ब्लॉक जितका खाली दिसतो तितकाच शेजारचा वर दिसतो, कारण दोघांमधला मोजण्याचा बिंदू सामाईक असतो. सेलची क्षमताच घटली असेल तर मात्र सुरुवातीला काही दिसत नाही. काही वेळ वीज बाहेर गेल्यावर, तो सेल संपल्यावर, व्होल्टेज एकदम कोसळते. आमच्या नवव्या ब्लॉकाची चाल ही तिसऱ्या प्रकारची होती. घसरण थांबली ती १.३ व्होल्टवर, म्हणजे साधारण एका सेलच्या व्होल्टेजएवढी. ब्लॉकातल्या १२ सेलांपैकी एक सेल संपतो आणि उरलेले अकरा काम करत राहतात, असे ते आकडे सांगत होते.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट होती. तिसऱ्या आणि चौथ्या ब्लॉकांत प्रवाह सुरू होताक्षणी थोडासा फरक पडत होता आणि तो शेवटपर्यंत तेवढाच राहत होता. त्यांचा अंतर्गत रोध ॲपमध्ये २८ मिलिओमच्या आसपास दिसत होता, तर बाकीच्यांचा २० ते २२. इथे गंज असावा, असे मी वहीत लिहून ठेवले.

पुढची तपासणी रस्त्यावर केली. सॅन होजेहून सांता क्रूझला जाणारा महामार्ग १७ या कामासाठी जणू आखून दिल्यासारखा आहे. लॉस गॅटोस सोडल्यावर लेक्सिंग्टन जलाशयाच्या कडेने तो डोंगरात शिरतो, वळणावळणाने १,८०० फुटांच्या खिंडीपर्यंत चढतो आणि पलीकडे उतरतो. परतीच्या प्रवासात खिंडीपासून लॉस गॅटोसपर्यंतचा उतार साधारण १,४०० फुटांचा आहे. चालकासह १,४०० किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा दीड युनिटहून थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध, टायर आणि यंत्रणेतली घट वजा जाता जे उरते, तेही बॅटरीच्या वापरायच्या अर्ध्या युनिटला भरून टाकायला पुरते. म्हणून अशा उताराच्या तळाशी हिरव्या पट्ट्या दिसणे यात दोष काहीच नाही, आणि भरलेली बॅटरी आणखी घेऊ शकत नाही म्हणून संगणक इंजिन नुसतेच फिरवून वेग आवरतो, तो आवाजही निरोगी गाडीचाच आहे. पाहायचे असते ते बॅटरी उताराच्या कोणत्या टप्प्यावर भरते. आमची पहिल्या काही वळणांतच भरली, जलाशय दृष्टीस पडायच्या कितीतरी आधी, आणि त्या वेळी नववा ब्लॉक शेजाऱ्यांपेक्षा जवळजवळ व्होल्टभर वर होता. त्याच आठवड्यात चढावर लाल त्रिकोण लागला. नोंदलेले संकेत होते पी०ए८० आणि पी३०१९. पहिल्याचा अर्थ संच बदला, दुसऱ्याचा अर्थ नववा ब्लॉक अशक्त. पी३०११ ते पी३०२४ हे चौदा संकेत चौदा ब्लॉकांसाठी राखलेले आहेत.

संच उघडण्याचे काम मी स्वतः केले नाही. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जीवघेणा ठरू शकतो, आणि नारिंगी सुरक्षा-प्लग काढला तरी संचाच्या आत मॉड्यूलांची माळ जिवंतच राहते. हायब्रिड बॅटऱ्यांचेच काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजच्या मालकाने मला शेजारी उभे राहू दिले. त्याने हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घातले, त्यांत हवा भरून छिद्र नाही ना हे तपासले, प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे दुसरे कुणी तो चुकून बसवणार नाही, आणि कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे होईपर्यंत घड्याळ पाहत थांबला. त्यानंतर मीटर लावून शून्य पाहिल्यावरच पाना हाती घेतला. माझ्या वहीतले आकडे त्याने आधी नीट वाचले होते. “गंज तिसऱ्या-चौथ्यात सापडेल आणि मेलेला सेल नवव्यात,” असे तो झाकण उघडण्याआधीच म्हणाला.

झाकण निघाल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या ब्लॉकांच्या मधल्या बसबारवर हिरवट-निळी पूड दिसली. नटाखालची पट्टी काळी पडली होती. मॉड्यूलच्या टोकापाशी गळलेल्या क्षारयुक्त द्रवाचे हे काम होते. नववा ब्लॉक म्हणजे सतरावे आणि अठरावे मॉड्यूल, संचाच्या मधल्या, जास्त तापणाऱ्या भागातले. नुसत्या मीटरवर दोन्ही सारखीच, ७.७ व्होल्टच्या आसपास. मग त्याने ५५ वॉटचा हेडलाइटचा दिवा एकेका मॉड्यूलला लावला. सतराव्यावर दिवा स्थिर जळत राहिला आणि व्होल्टेज ७.४ वर टिकले. अठराव्यावरही सुरुवातीला तसेच झाले. मिनिटभराने मीटरचा आकडा सरकू लागला आणि ६.२ वर जाऊन थांबला. अंगणात तीन मिनिटांत जे पाहिले होते, तेच एका दिव्यावर पुन्हा दिसले.

आता प्रश्न उरला तो उपायाचा. एकच मॉड्यूल खराब आहे तर तेवढेच बदलावे, हा मोहाचा मार्ग आहे आणि सुटी वापरलेली मॉड्यूल स्वस्तात मिळतात. गॅरेजच्या मालकाने घाई न करता बाकीची काही मॉड्यूल चार्ज-डिस्चार्ज यंत्रावर लावून त्यांची क्षमता मोजली. ६.५ अँपिअर-तासांपैकी कुणात चार उरले होते, कुणात साडेतीन. म्हणजे अठरावे मॉड्यूल पुढे होते एवढेच. बाकीची त्याच वाटेवर होती. अशा संचात एक बरे मॉड्यूल घातले की काही महिने गाडी शांत चालते आणि मग दुसरा ब्लॉक नवव्याची जागा घेतो. ज्याला गाडी लवकरच विकून टाकायची आहे, त्याने हा उपाय करू नये असे मी म्हणेन, कारण तो दोष पुढच्या माणसाच्या गळ्यात जातो. आम्हाला गाडी ठेवायची होती. इंजिन, मोटरी, इन्व्हर्टर उत्तम स्थितीत होते. दोन हजार डॉलरच्या पुढचा खर्च स्वीकारून आम्ही सगळी मॉड्यूल नवी असलेला संच घेतला आणि बसबारही नवे बसवले. जुना संच पुनर्वापरासाठी परत दिला, त्याची अनामत रक्कम मिळाली. कार्यशाळेने आधी सुचवलेला उपायही हाच होता, हे खरे आहे. पण पंखा साफ न करता नवा संच बसवला असता, तर तो त्याच बंद झालेल्या हवेत तापत राहिला असता.

नव्या संचावर तीच अंगणातली चाचणी केली. तेवढाच भार, तशीच दुपार. ६० वरून ४० टक्क्यांवर यायला आठ मिनिटांना थोडे कमी लागले, चौदाही ब्लॉक शेवटपर्यंत एकमेकांपासून ०.१ व्होल्टच्या आत राहिले आणि पातळीच्या आकड्याने कुठेही उडी मारली नाही. महामार्ग १७ च्या उतारावर शेवटची हिरवी पट्टी आता जलाशय मागे पडल्यावर येते. पंखा उन्हात क्वचित ऐकू येतो, तोही थोडा वेळ.

पुण्यात माझ्या मावसभावाकडे २०१४ ची कॅमरी हायब्रिड आहे, बंगळूरुजवळच्या बिडदीत जोडणी झालेली. तिची बॅटरीही निकेल-मेटल हायड्राइडच, फक्त मॉड्यूल ३४, म्हणजे ब्लॉक १७ आणि एकूण २४४.८ व्होल्ट. आज महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर भरपूर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड प्रकारातही याच रसायनाची बॅटरी आहे, तेव्हा ही चर्चा फक्त जुन्या प्रियसपुरती राहणारी नाही. माझी कथा ऐकून तो फोनवर म्हणाला, “दादा, माझीही हल्ली मागून घोंघावते. बॅटरी गेली म्हणू का?” मी त्याला आधी मागच्या सीटजवळची जाळी आणि पंखा पाहायला सांगितले आणि मग दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये वातानुकूलन लावून आकडे घ्यायला सांगितले. पंख्यात धूळ होती, शेजारच्या बांधकामाची सिमेंटमिश्रित बारीक धूळ. ती काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी उतरले. त्याने पाठवलेल्या नोंदींत सतराही ब्लॉक भाराच्या शेवटपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत होते आणि कोणताही ब्लॉक उशिरा एकटा घसरत नव्हता. त्याची बॅटरी बदलण्याची आज गरज नाही, असे मी त्याला लेखी कळवले आणि पुढच्या मे महिन्यात तीच चाचणी पुन्हा करून आकडे शेजारी शेजारी मांडायला सांगितले.